फळ्याच्या वरची कोरी वीत

आमच्या ग्रंथालयाच्या ओटीवर रस्त्याकडे तोंड करून एक काळा फळा टांगलेला आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी स्टुलावर चढते आणि त्यावर खडूने 'नवीन दाखल' असं शीर्षक घालून गेल्या महिन्याची यादी लिहिते. काय आलं, कुणी दिलं, देणारा कोणत्या गावचा, आणि वाचणाऱ्याला त्यात काय सापडेल. एका नोंदीला एक ओळ, फार तर दोन. सत्तावीस वर्षं हे काम करते आहे आणि माझं अक्षर अजून सुरेख आहे. दुसऱ्या कुणी हे म्हणायची वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून मीच सांगून टाकते.

ग्रंथालय वसई गावात आहे, बाजाराकडून कोर्टाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. संशोधनाचं ग्रंथालय, त्यामुळे कादंबऱ्या नाहीत आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकंही नाहीत. त्यासाठी विरारहून रिक्षा बदलत आलेली मुलं रिकाम्या हाताने परत जातात तेव्हा मला वाईट वाटतं, पण इलाज नाही. आमच्याकडे या पट्ट्याचा जुना कागद असतो. नकाशे, दस्त, चर्चची आणि देवळांची वार्तापत्रं, शाळांच्या स्मरणिका, लग्नगीतांच्या वह्या, बागायतदारांची टिपणं. कागद येतो कसा, तर फळ्यामुळे येतो. बाजारातून पिशवी घेऊन परतणारी बाई फळा वाचते, शेजारच्या गावातल्या कुणी पत्रिका दिल्यात हे तिला दिसतं, आणि आपल्या माळ्यावरही एक पेटी आहे हे तिला आठवतं. नाक्यावरचे रिक्षावाले मला विचारतात, "मॅडम, आज काय माल आला?" मी त्यांना माल सांगते. मला ते आवडतं.

ज्या सरांनी हे ग्रंथालय उभं केलं त्यांनी यादीचे दोन नियम घालून दिले होते. पहिला, वाचल्याशिवाय ओळ लिहायची नाही. दुसरा, चूक झाली तर पुसायची नाही. फळ्याचा वरचा वीतभर भाग कायम कोरा सोडायचा, आणि चूक कळली की तिथे 'दुरुस्ती' असं लिहून खरं काय ते मांडायचं. खालची चुकीची ओळ तशीच ठेवायची. सर म्हणायचे, लोक ती ओळ वाचून घरी गेलेत, फळा पुसून त्यांच्या डोक्यातलं थोडंच पुसलं जाणार आहे.

हीच यादी छापून कॉलेजांना, धर्मगुरूंच्या निवासांना आणि गावोगावच्या वाचनालयांना टपालाने जायची. आता ती मोबाइलवर आणि ईमेलवरही जाते. समितीतल्या एका गृहस्थांनी मध्यंतरी सुचवलं की संगणकच आपोआप संदेश पाठवील, शीर्षक, लेखक, पृष्ठसंख्या. मी म्हटलं, पानं किती आहेत हे कळून कुणाचं काय भलं होणार आहे? मी त्या दिवशी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलले असेन. पण सत्तावीस वर्षांत माझ्या यादीला एकदाही दुरुस्ती लागली नव्हती. हे मी कुणाला सांगत नसे, मात्र सगळ्यांना कळेल अशी व्यवस्था ठेवत असे.

गेल्या वर्षी किनाऱ्याकडच्या एका वाडीतल्या गृहस्थांनी अकरा वह्या आणून दिल्या. ते स्वतः नोकरीमुळे विरारला फ्लॅटमध्ये राहतात. वाडीतल्या घराचा माळा आवरताना वह्या सापडल्या म्हणाले. "आजोबांच्या आहेत, मॅडम. केळ्यांच्या सोसायटीत ते पदाधिकारी होते." वह्या सोसायटीच्याच होत्या, जाड पुठ्ठ्याच्या, आणि प्रत्येकीवर आजोबांचं नाव छापील शिक्क्यात होतं.

मी त्या वाचल्या. तीन आठवडे लागले. वाडीतल्या बावखलाच्या, म्हणजे झाडांना शिंपायला ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या नोंदी होत्या. दर रविवारी किती पायऱ्या उघड्या पडल्या आणि पाणी चवीला कसं आहे. 'सात पायऱ्या. गोडं.' 'अकरा. जरा जड.' 'तेरा. मचूळ, पानवेलींना देऊ नये.' सव्वीस वर्षं, असंच, एकही शब्द फाजील नाही. शेवटची नोंद आजोबा वारले त्याच्या आदल्या रविवारची होती, हे नातवाने सांगितलेल्या तारखेशी ताडून मी खात्री करून घेतली. आता इथे कुणाला शंका येईल? मी फळ्यावर लिहिलं की अमुक वाडीच्या अमुक बागायतदारांच्या हस्तलिखित वह्या, बावखलाच्या पाण्याच्या सव्वीस वर्षांच्या नोंदी, तीन ठिकाणी काही महिने खंड, लेखक बहुधा आजारी. ते 'बहुधा आजारी' लिहिताना मी स्वतःवर खूश होते. बघा, मी किती बारकाईने वाचते.

यादी गेली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या एका संशोधक मुलीची ईमेल आली. किनाऱ्यावरच्या विहिरींत खारं पाणी कसं शिरतं याचा ती अभ्यास करत होती. आठवड्याच्या आठवड्याला पाणी चाखून लिहिलेली वही तिला आजवर कुठे मिळाली नव्हती. चार दिवस ती आमच्या वाचनकक्षात बसून पानं उतरवत होती. जाताना म्हणाली, "लेख पुढच्या आठवड्यात पाठवायचाय. लेखकाचं नाव तुमच्या यादीत आहे तसंच घालते."

तिला निरोप देऊन मी चहा घेत होते, तेव्हा एक म्हाताऱ्या बाई ओटीच्या पायऱ्या चढून आल्या. नऊवारी, अंबाड्यात चाफ्याचं फूल, डोळ्यांवर काळा चष्मा. रिक्षाने एकट्याच आल्या होत्या. त्यांनी आधी फळा वाचला, बोट फिरवत, ओळीओळीने. मग आत आल्या. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी एक घोट तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"टँकरचं हाय," म्हणाल्या.

आदल्या दिवशी पंप बिघडला होता आणि टाकीत टँकरचं पाणी भरलं होतं, हे मला माहीत होतं. मी हसले आणि विषय सोडून दिला. किती मोठा पुरावा माझ्या समोरच्या खुर्चीत बसून पाणी पीत होता, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

"बाय, त्या अकरा वह्या माज्या हायत," त्या म्हणाल्या. "सासऱ्यांच्या नाय. मी लेकीकडं गेलती, डोळ्याच्या आप्रेशनाला. तवर पोरानं उचलून दिल्या. दिल्या त्याचं काय नाय. पन शेजारीन सांगत आली, तुमच्या सासऱ्यांचं फळ्यावर आलंय. मना बघायचं व्हतं."

"काकी, वह्यांवर त्यांचं नाव आहे," मी म्हटलं.

"वह्या त्यांच्याच. सोसायटीतून उरलेल्या आनायचे माज्यासाटी. लिवलंय मी."

मी फार नम्रपणे सांगितलं की हे संशोधनाचं ग्रंथालय आहे, इथे पुरावा लागतो. शब्द नम्र होते, पण मनातून मी चिडले होते. सत्तावीस वर्षांत एक दुरुस्ती नाही आणि आता या बाई. मी कागद आणि पेन पुढे केलं, म्हटलं, दोन ओळी लिहून दाखवा. त्यांनी पेन घेतलं. हात इतका कापत होता की 'पानी' शब्दाच्या रेघा कागदभर पसरल्या. त्यांनी तो कागद थोडा वेळ बघितला, घडी घातली आणि स्वतःच्या कनवटीला खोचला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या आणि उठल्या. मी रिक्षा बोलावू का विचारलं, तर मान हलवून नाही म्हणाल्या.

मी नातवाला, म्हणजे त्यांच्या थोरल्या मुलाला, फोन लावला. तो आधी घाबरला, आई एकटी वसईला आली हे त्याला माहीतच नव्हतं. मग म्हणाला, "मॅडम, आई अठ्ठ्याहत्तरची आहे आता. होतं कधीकधी असं. आजोबा दर रविवारी पाण्याची चौकशी करायचे, तेच तिच्या डोक्यात बसलं असेल. आणि आता नका हो बदलू काही. मी तुमची यादी समाजाच्या ग्रुपवर टाकली, सगळे खूश आहेत. हॉलमध्ये आजोबांचा फोटो लावायचं ठरलंय." मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

तरी चैन पडेना. अशी तक्रार सरांच्या काळात कधी आली होती का, आणि त्यांनी ती कशी हाताळली, हे बघायला मी जुन्या याद्यांची बांधलेली बाडं काढली. प्रत्येक महिन्याचा छापील कागद त्यांत क्रमाने शिवलेला आहे. चाळता चाळता एका ठिकाणी थबकले. फेब्रुवारीनंतर एकदम जुलै. मधले चार महिने यादीच नाही. क्षणभर मला वाटलं बांधणाऱ्याने पानं गाळली. मग लक्षात आलं. तेव्हा मी बाळंतपणाच्या रजेवर होते, लेक झाली होती. सर म्हणाले होते, यादी तुझी आहे, तू आल्यावर निघेल.

मी बाड तसंच उघडं टाकलं आणि कपाटातून अकरा वह्या काढल्या. तीन खंड. पहिला साडेचार महिन्यांचा. दुसरा चार. तिसरा तीन. आजारी माणूस परत लिहायला लागतो तेव्हा आधी एखादी नोंद येते, मग पुन्हा तुटते. इथे तसं नव्हतं. रविवारी थांबलं होतं आणि महिन्यांनी एका रविवारी जसंच्या तसं सुरू झालं होतं, 'नऊ. गोडं.' हे सगळं मी वाचलं होतं. फक्त वाचताना माझ्या डोळ्यांसमोर धोतर-टोपीतला एक म्हातारा बसलेला होता, आणि त्याला आजारापलीकडे दुसरं काय होणार?

मी पुन्हा फोन लावला. "एक विचारू का? तुमचा वाढदिवस कधी असतो?"

त्याने सांगितला. काही विचित्र विचारते आहे असं त्याला वाटलं असावं. मी पहिल्या खंडाच्या तारखा वाचून दाखवल्या. त्याच्या जन्माआधी दीड महिना नोंदी थांबल्या होत्या आणि तो तीन महिन्यांचा झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "बहिणीची तारीख सांगू?"

बहिणीची जुळली. धाकट्या भावाचीही जुळली. त्याने फोटोचं नाव पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी मी वाडीवर गेले. काकी बावखलाच्या काठी बसून जास्वंदीच्या कळ्या टोपलीत वेगळ्या करत होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि बसा म्हणाल्या नाहीत. मी आपणहून पायरीवर बसले. म्हटलं, "काकी, चुकले मी. वाचलं आणि तरी मला दिसलं नाही. नोंदी तीन वेळा थांबल्यात ते तुमच्या बाळंतपणांमुळे, होय ना?"

"मग? माहेरी व्हती मी."

"तिथलं पाणी नाही लिहिलंत?"

त्यांनी हातातली कळी टोपलीत टाकली. "माजं माहेर अर्नाळ्याकडं. दर्याला लागून वाडी. मी धा वर्षांची असताना आमची पान्याची बाव खारी झाली. एका दिसात नाय झाली. जरा जरा होत गेली, नि कोनी ध्यानच दिलं नाय. कळलं तवर केळी गेली, पानवेली गेल्या, बापूस दुसऱ्याच्या वाडीत राबाया लागला. तिथलं पानी लिवून काय करनार? ते कवाच गेलं व्हतं." मग बावखलाकडे बघत म्हणाल्या, "हितं लगीन होऊन आली नि पयल्या रविवारी पानी चाखलं. ठरवलं, हे मी जाऊ देनार नाय."

सासरे दर रविवारी जेवणाआधी त्यांना विचारायचे, सूनबाई, काय म्हनतं पानी? त्या सांगतील त्यावर आठवड्याचं शिंपण ठरायचं. मचूळ म्हणाल्या तर पंप बंद. शेजारच्या वाड्यांनी नवीन पंप बसवून भराभरा उपसा केला तेव्हाही या घराने केला नाही, आणि लोक सासऱ्यांना भित्रे म्हणाले. त्यांच्या बाजूची दोन बावखलं नंतर खारी झाली. हे अजून गोडं आहे.

"ते वारल्यावर का थांबलात?"

"विचारनारंच कोन उरलं नाय." "चाखते अजून. लिवत नाय."

मी त्यांना सांगितलं की फळ्यावर दुरुस्ती लिहिणार आहे, नाव आणि गाव लागेल. नाव त्यांनी लगेच सांगितलं, पूर्ण, माझ्याकडे न बघता. गाव म्हटल्यावर मात्र लगेच सांगितलं नाही. टोपलीतल्या कळ्या उगाच वरखाली करत राहिल्या.

"दोन लिवता येतील?" त्यांनी विचारलं.

आमच्या यादीत आजवर कुणाची दोन गावं लिहिलेली नाहीत. मी म्हटलं, येतील.

त्याच संध्याकाळी संशोधक मुलीला ईमेल पाठवली. लेख गेलेला नव्हता. तिने नाव बदललं आणि मला उलट विचारलं की त्या बाईंना भेटता येईल का, चवीबद्दल तिला बरंच विचारायचं आहे. छापील यादीतली दुरुस्ती पुढच्या महिन्यात जाईल, पण फळ्याला तेवढी वाट बघायची गरज नव्हती. महिन्याच्या मधल्याच एका शनिवारी मी स्टुलावर चढले. वरची वीत कोरी होती, सत्तावीस वर्षं मीच ती कोरी ठेवली होती आणि त्याचाच मला गर्व होता. 'दुरुस्ती' हा शब्द लिहिताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. त्याखाली काकींचं पूर्ण नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव. मग लिहिलं, 'या अकरा वह्यांच्या लेखिका. खंड आजारपणाचा नसून तीन अपत्यांच्या जन्माचा. खाली दिलेली ओळ ग्रंथपालाची चूक.' रिक्षावाल्यांतला एक जण खाली उभा राहून वाचत होता. म्हणाला, "मॅडम, तुमची पण चूक होते?" मी म्हटलं, होते, आणि ठळक अक्षरात होते.

दहाच्या सुमाराला काकी आल्या. या वेळी मुलगा बरोबर होता, त्यांचा हात धरून. काळा चष्मा गेला होता. त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं वाचलं, खालची चुकीची ओळसुद्धा. बाजारातून येणाऱ्या दोन बायका थांबल्या, त्यांनी फळा वाचला आणि मग काकींकडे बघितलं. काकींनी पदर सारखा केला.

"नाव लई मोठं लिवलंय," त्या मला म्हणाल्या.

"मुद्दाम लिहिलंय."

त्या फळ्यापासून हलल्या नाहीत. मला इतका अभिमान वाटत होता की मी उगाच डस्टर झटकत उभी राहिले. हा माझा स्वतःचा नव्हता, तो मला चांगला ओळखीचा आहे. हा त्यांचा होता, आणि माझ्या हस्ताक्षरात होता.

मुलाने खिशातून फोन काढला आणि फळ्याचा फोटो घेतला. ज्या ग्रुपवर त्याने आजोबांच्या वह्यांची बातमी टाकली होती तोच उघडला. बराच वेळ तो टाइप करत होता, खोडत होता, पुन्हा टाइप करत होता. मग त्याने पाठवायच्या आधी फोन आईपुढे धरला. मी शेजारीच होते, मलाही दिसलं. आमच्यासारखाच त्याने वरती एकटा शब्द लिहिला होता, 'दुरुस्ती'. खाली होतं, 'वह्या आजोबांच्या नाहीत. माझ्या आईच्या आहेत. घरात राहून मला माहीत नव्हतं.'

काकींनी ते दोनदा वाचलं. एकदा लांबून, एकदा फोन जवळ घेऊन.

"पाठव," म्हणाल्या.